चोवीस सोळा

खैरगाव फाट्यावर टेकाम मिस्त्री
चाकाशी उकिडवा बसला,
थुंकी लावलेल्या बोटानं कडेची धूळ पुसली
आणि वाचून दाखवलं: चोवीस सोळा.
"म्हंजे?"
"सोळा सालचा चोविसावा हप्ता.
जन्मतारीख हाये सिस्टरबाई,
तुमी तं रोजच पायता लेकरायच्या."

पायतेच की.
लस टोचण्याआधी कुपी उजेडाला धरते,
तारीख वाचते, मग तिच्यावरचा चौकोन.
तो भोवतालच्या वर्तुळाइतका काळवंडला
की कुपी कितीही भरलेली असो,
मांडीवरचं पोर कितीही लांबून आलेलं असो,
बाजूला ठेवते.
आणि लसीचा तोच निळा डबा
या चार चाकांवर ठेवून
सहा वर्षं पाच गावं करते आहे.
एकदा वाकून पाहिलं नाही.

"नक्षी तर आहे ना अजून," मी म्हटलं.
आकडा तोंडपाठ होता: पस्तीस हजार किलोमीटर,
लोक पन्नासपर्यंत ओढतात.
त्यानं गल्ल्यातला रुपया काढून खाचेत उभा केला.
रुपया बऱ्यापैकी बुडाला.
"नक्षी हाये. रबर गेलं."
अंगठ्यानं कड दाबली तशा भेगा उघडल्या,
बारीक, एकीला एक लागून,
निंदणाऱ्या बाईच्या टाचेसारख्या.
"पळूनच झिजते असं नाई.
उपकेंद्रापुढं उभी रायते ना गाडी,
शेहेचाळीसच्या उन्हात, दिवस दिवस?
तथी काय करते थो टायर?
म्हातारा होते."

मग डिकी उघडली.
सतरंजी, वजनकाटा, पोलिओचे गुंडाळलेले फलक,
कुणाची तरी राहिलेली चप्पल,
आणि सगळ्याखाली स्टेपनी. कोरी.
नव्या टायरला असतात ते रबराचे केस
तिच्यावर तसेच होते, जावळासारखे.
मला बरं वाटलं. एक तरी.
वणीच्या वाटेवर कोळशाचे ट्रक रस्ता उखणतात,
तिला त्यातलं काही माहीत नव्हतं.
मिस्त्रीनं तिच्याही कडेवर बोट फिरवलं.
चोवीस सोळा.
"जुळी," तो म्हणाला.
मी हसले नाही.

सोळा साल, जूनचा मधला आठवडा.
तेव्हा मी कुठे होते, आठवून पाहिलं.
एवढंच नक्की की मानधन आलेलं नसणार.

"चारही काढा," तो म्हणाला.
मी पर्स उघडली नाही, नुसती धरली.
तो तिच्याकडे बघत राहिला, मग जॅक सरकवत म्हणाला,
"मंग दोन. नवे मागं लावू."
"पुढे नको? स्टेअरिंग तर पुढे."
"समदे हेच म्हंतेत.
पुढचं घसरलं तं हातात कळते, बाई.
मागचं घसरलं तं कळेपावतो
गाडी नाल्यात रायते.
आन् हवा सकाळी भरत जा, थंड्या टायरात.
दुपारी फुगलेला दिसते
थे उनाचं रायते, हवेचं नाई."

काढलेल्या दोघांपैकी एकाला त्यानं
तिथल्या तिथे वाकड्या सुरीनं मधोमध चिरलं.
बकऱ्यांना पाणी प्यायला.
"नाई चिरलं तं रातीतून
कोनाच्या तरी गाडीले लागते."
दुसरा त्याच्या नातवानं आधीच पळवला होता,
काठीनं हाणत, पळसाच्या पलीकडे,
गावातल्या कुठल्याही गाडीहून जोरात.

मी चाळीसच्या वर न जाता घरी आले.
मुक्काम येईपर्यंत पुढच्या दोघांचा आवाज
ऐकू येतो आहे असं वाटत राहिलं.

रात्री ड्यू लिस्टच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिलं:
मागचे दोन — दिले.
पुढचे दोन — मानधन आल्यावर.
स्टेपनी —

इथे पेन थांबलं.
काय कारण लिहू?
तिचं तर अजून
जावळही काढलं नव्हतं.